भरत गोपींना आपल्या तालमीच्या खोलीत जागा द्या

महाराष्ट्रातल्या नाट्यप्रशिक्षण संस्था, हौशी नाट्यमंडळं आणि फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

येत्या वर्षाचा अभ्यासक्रम, शिबिरं आणि चित्रपटांचे खेळ ठरवायला तुम्ही बसाल, तेव्हा त्यात एका नटाचं नाव आवर्जून घालावं, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. नाव भरत गोपी. मल्याळी रंगभूमीवर घडलेला आणि मल्याळी पडद्यावर तळपलेला नट. जन्म १९३७ सालचा, तिरुवनंतपुरमजवळच्या चिरयिन्कीळू गावचा. २९ जानेवारी २००८ रोजी ते गेले. केरळात त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्याकडे मात्र अभिनय शिकायला आलेल्या मुलांपुढे हे नाव काढलं तर बहुतेकांना ते ठाऊक नसतं. हीच मुलं नवे मल्याळी चित्रपट मोबाइलवर रात्र रात्र जागून पाहतात, त्यातल्या नटांच्या साधेपणावर बेहद्द खूश असतात. तो साधेपणा आला कुठून, कुणी कमावला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगण्याची जबाबदारी तुमची आणि माझीही आहे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा हौशी रंगकर्मी आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, पावसाळा संपला की स्पर्धेची धावपळ. त्यामुळे गोपींचं आयुष्य मला परक्या प्रांतातलं वाटत नाही. ते केरळच्या वीज मंडळात कारकून होते, कनिष्ठ श्रेणीतले. नाटक त्यांनी नोकरी सांभाळून केलं. प्रयोगासाठी रजा मागताना साहेबापुढे उभं राहणं म्हणजे काय, तालमीहून मध्यरात्री परतून सकाळी वेळेवर हजेरीपुस्तकात सही करणं म्हणजे काय, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आपले डॉ. लागू नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक होते, निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पोट एका जागी आणि जीव दुसऱ्या जागी ठेवून ज्यांनी अभिनय शिकला, त्यांच्या पंगतीतला हा माणूस आहे.

गोपींना पहिली दीक्षा मिळाली ती जी. शंकर पिळ्ळ यांच्याकडून. पिळ्ळ म्हणजे आधुनिक मल्याळी नाटकाचे मोठे गुरू: नाटककार, दिग्दर्शक आणि मुख्य म्हणजे शिक्षक. १९६७ साली शास्तांकोट्टा इथं भरलेल्या ‘नाटक कळरी’ या शिबिराच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. कळरी म्हणजे आपला आखाडा. नटानं घाम गाळून शरीर तयार करायचं आणि मग बोलायला उभं राहायचं, ही त्या शिबिरामागची धारणा. पिळ्ळ यांच्या ‘प्रसाधना लिटल थिएटर’मध्ये गोपी काम करू लागले. पुढं ते नाटककार-दिग्दर्शक कावालम नारायण पणिक्कर यांच्या ‘तिरुवरंग’ मंडळात गेले आणि ‘अवनवन् कडंबा’ या नाटकात उभे राहिले. त्या नाटकाचं दिग्दर्शन जी. अरविंदन यांनी केलं होतं. बंद नाट्यगृह सोडून ते उघड्यावर, झाडांच्या सोबतीनं सादर झालं. लोककलांचे ताल, सोपानसंगीताचा (केरळच्या देवळांतल्या गायनाचा) ढंग, वर्तुळात फिरणारी पात्रं असं त्याचं रूप. नेडुमुडी वेणूही त्याच नाटकात होते.

त्याच काळात, १९७२ च्या डिसेंबरात, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं होतं. इकडे ब्राह्मणांची भिंत, कीर्तन, तमाशा, दशावतार. तिकडे कावालम यांचे ताल आणि गावदेवळातले विधी. आपल्या मातीतली नाटकाची भाषा शोधण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच होती. आपण त्या दशकाचा इतिहास शिकवताना पुण्या-मुंबईपासून सुरुवात करतो, कर्नाडांपर्यंत जातो, बादल सरकारांचं नाव घेतो आणि थांबतो. केरळपर्यंत पोचत नाही. शंकर पिळ्ळ आणि कावालम यांच्यावर एक तास तरी ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. कारण गोपींच्या पडद्यावरच्या कामाची मुळं त्यांच्या तालमीत आहेत.

आता ‘कोडियेट्टम’कडे येतो, कारण माझी सगळी मागणी या एका चित्रपटावर उभी आहे.

अडूर गोपालकृष्णन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले. १९६५ साली त्यांनी तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ ही केरळातली पहिली फिल्म सोसायटी सुरू केली. त्यांच्या ‘स्वयंवरम्’ (१९७२) या पहिल्या चित्रपटात गोपींना कामावरून काढून टाकलेल्या माणसाची छोटीशी भूमिका होती. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, अडूरनी त्यांना ‘कोडियेट्टम’मध्ये नायक केलं. गोपी तेव्हा चाळिशीला टेकलेले. डोक्यावरचे केस मागं हटलेले, अंगानं कुठंही नायकाचा डौल नाही. त्या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक त्यांना आधी ‘कोडियेट्टम गोपी’ म्हणू लागले, मग ‘भरत गोपी’ हेच नाव रूढ झालं.

शंकरनकुट्टी हा गावातला रिकामटेकडा. बहीण शहरात मोलकरणीचं काम करून पैसे धाडते आणि हा देवळांच्या जत्रा करत हिंडतो. हत्ती पाहायचे, आतषबाजी पाहायची, पोरांमध्ये पोर होऊन खेळायचं, कुणीही काम सांगितलं की निमूट करायचं आणि पान वाढलं की पोटभर जेवायचं. लग्न होतं, पण घरात बायको एकटी आहे हे जत्रेच्या नादात त्याच्या लक्षातही राहत नाही. ती शांतम्मा म्हणजे के.पी.ए.सी. ललिता, त्याही रंगभूमीवरूनच आलेल्या. दिवस गेलेली शांतम्मा शेवटी माहेरी निघून जाते. मग याच्या आयुष्यात एकेक धक्का बसत जातो. ज्या विधवा बाईचा त्याला आधार वाटे, ती जीव देते. बहिणीच्या आयुष्याची न कळलेली बाजू समोर येते. हळूहळू हा माणूस मोठा होतो.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण दुःख आलं की व्हायोलिन वाजणार अशी आपल्या कानांना सवय लागलेली असते. इथं पावलांचे, भांड्यांचे, चेंड्याचे (केरळी ढोलाचे) आवाज आहेत आणि बाकी सगळं ओझं नटाच्या अंगावर आहे.

आमच्या मंडळाच्या शिबिरात मी यातला एक प्रसंग पुन्हा पुन्हा लावतो. पावसानं भिजलेला कच्चा रस्ता. शंकरनकुट्टी कडेनं चाललाय. मागून ट्रक भरधाव येतो आणि खड्ड्यातलं गढूळ पाणी त्याच्या अंगावर उडवून निघून जातो. कुणीही चिडेल, शिवी हासडेल, निदान कपडे झटकेल. गोपींचा शंकरनकुट्टी ट्रकच्या मागं बघत राहतो आणि त्याच्या तोंडून उद्गार निघतो, काय स्पीड आहे! अंगावर चिखल आहे याची जाणीव त्याला नाही असं नव्हे. पण वेगाचं कौतुक आधी आलं आणि चिखल मागं राहिला. मुलं पहिल्यांदा हसतात. मग मी चित्र थांबवून विचारतो, यात नटानं काय केलं? एका मुलीनं एकदा बरोबर हेरलं. ती म्हणाली, “सर, चिखल उडाला तेव्हा त्यांचं अंग दचकलं, पण चेहऱ्याला ते कळलंच नाही.” शंकरनकुट्टी पुढं ट्रकवरच कामाला लागतो, हे मुलांना पुढचा भाग पाहिल्यावर कळतं. मग तीच मुलं म्हणतात, मागचा प्रसंग पुन्हा लावा.

त्याचं खाणंही असंच. पानासमोर बसला की त्याचे खांदे खाली येतात, कोपर पसरतं, घास मोठा होतो आणि जगाशी संबंध तुटतो. नाटकात आपण खाण्याचा प्रवेश नेहमी टाळतो किंवा रिकाम्या ताटावर हात फिरवतो. गोपी खाण्यातून एका माणसाचं अख्खं बालपण दाखवतात. शेवटाकडे हाच माणूस बायकोसाठी नवं वस्त्र घेऊन तिच्या दारात येतो. संवाद जवळजवळ नाहीतच. पण आधीच्या दोन तासांतला ढिला, लोंबता खांदा आता किंचित वर आलेला आहे, पाय जमिनीवर नीट टेकले आहेत. कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. शंकर पिळ्ळ यांच्या आखाड्यात गाळलेला घाम इथं दिसतो.

आपल्या वर्गांत आज काय चाललं आहे ते तुम्ही जाणता. वाचिकावर, म्हणजे बोलण्यावर भर, स्वगतांची पाठांतरं, आणि ‘कॅमेऱ्यासमोरचा अभिनय’ या नावाखाली ऑडिशनला कसं उभं राहायचं याची तयारी. रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कींचं नाव घेतलं जातं, परदेशी चित्रपटांची दृश्यं दाखवली जातात. त्यांना माझा विरोध नाही, तेही दाखवायलाच हवं. पण धोतर-लुंगी नेसलेला, उकिडवा बसणारा, हातानं जेवणारा, जत्रेत धुळीनं माखणारा माणूस कसा उभा करायचा, हे शिकवणारा धडा आपल्या शेजारच्याच देशभागात तयार आहे. आपल्या नाटकांत अशीच माणसं असतात. मग तो धडा का वापरू नये?

‘कोडियेट्टम’नंतर कुणीही या नटाला भोळसट माणसांच्या भूमिकांत अडकवलं असतं. तसं झालं नाही. १९८२ च्या ‘यवनिका’मध्ये के. जी. जॉर्ज यांनी (हेही पुण्याच्या इन्स्टिट्यूटचेच) त्यांना तबलजी अय्यप्पन केलं. फिरत्या नाटक कंपनीची गोष्ट आहे. वक्कच्चन हा कंपनीचा मालक, तिलकन यांनी केलेला. नट-नट्या, बस, मुक्काम, उशिरा सुरू होणारे प्रयोग. कंपनीतला अय्यप्पन गायब होतो आणि ममूटींचा पोलीस अधिकारी तपासाला येतो. एकेकाच्या जबानीतून अय्यप्पन उलगडत जातो: उत्तम तबला वाजवणारा, दारुडा, क्रूर, रोहिणी नावाच्या नटीचं आयुष्य नासवणारा. गोपी तबल्यावर बसतात तेव्हा बोटांत खरी नजाकत दिसते. तोच हात रोहिणीकडे वळतो तेव्हा अंगावर काटा येतो. कला आणि हलकटपणा एकाच देहात नांदतात, हे त्यांनी कुठलाही निवाडा न देता दाखवलं. गाडीतून नाटक घेऊन गावोगाव फिरलेल्या आपल्या मंडळींना या चित्रपटातलं वातावरण फार ओळखीचं वाटेल. मी तर म्हणेन, व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यांवर काम करणाऱ्या सगळ्यांनी तो एकत्र बसून पाहावा आणि नट्यांना दौऱ्यात मिळणाऱ्या वागणुकीवर मोकळेपणानं बोलावं.

दोन वर्षांनी त्याच जॉर्ज यांच्या ‘पंचवडि पालम’मध्ये गोपी दुश्शासन कुरुप झाले, ग्रामपंचायतीचे अध्यक्ष. धडधाकट जुना पूल पाडून नवा बांधायचा घाट आणि नवा पूल उद्‌घाटनालाच कोसळतो. इथं अंग फुगलेलं, आवाज वर चढलेला, सगळं मुद्दाम मोठं केलेलं. याच्या मध्येच १९८३ मध्ये दिग्दर्शक भरतन यांच्या ‘काट्टत्ते किळिक्कूड’मध्ये ते शेक्सपिअर शिकवणारे प्राध्यापक झाले, संसार विसरून विद्यार्थिनीत गुंतलेले. केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला. पुरस्कारांचा हिशेब मी इथंच सोडतो.

त्यांच्याशी मराठीचं नातं काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल. ते नातं आहे आणि चांगलं घट्ट आहे. मणि कौल यांनी १९८० मध्ये ‘सतह से उठता आदमी’ केला, गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावर. मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी, पण घर मराठी; धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध तर मराठीचेच कवी आणि कादंबरीकार. त्या चित्रपटात मध्यवर्ती माणूस उभा करायला कौल यांनी केरळातून गोपींना बोलावलं. पुढं गोविंद निहलानींचा ‘आघात’ (१९८५). पटकथा विजय तेंडुलकरांची. कामगार संघटनांच्या आपसातल्या झगड्याची ती गोष्ट. ओम पुरींचा तत्त्वनिष्ठ माधव वर्मा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी युनियनचा कृष्णन राजू, म्हणजे गोपी. तेंडुलकरांनी लिहिलेला हिंसेचा चेहरा या मल्याळी नटानं धारण केला, हे आपल्या तेंडुलकर-चर्चांत मी फारसं ऐकलेलं नाही. सदाशिव अमरापूरकर, रोहिणी हट्टंगडी हे आपले नटही त्याच चित्रपटात आहेत.

आणि स्मिता पाटील. अरविंदन यांच्या ‘चिदंबरम’मध्ये (१९८५) स्मिता आणि गोपी समोरासमोर आहेत. या चित्रपटावर मला थोडं थांबायचं आहे. मुन्नारजवळच्या डोंगरात माट्टुपेट्टीला सरकारी पशुपालन केंद्र आहे. गोपींचा शंकरन तिथल्या कार्यालयात अधीक्षक, सभ्य, एकटा, फोटो काढण्याची आवड असलेला. तिथला गुराखी मुनियांडी, म्हणजे श्रीनिवासन, लग्न करून शिवकामीला घेऊन येतो. शिवकामी म्हणजे स्मिता. शंकरन आणि शिवकामी यांच्यात जे घडतं ते मुनियांडीला कळतं आणि तो गोठ्यात गळफास घेतो. त्यानंतरचा अर्धा चित्रपट म्हणजे फक्त शंकरनचं भटकणं आहे. दारू, आजारपण, नोकरी सुटलेली, देवळं, रस्ते. संवाद कमी होत जातात. शेवटी तो चिदंबरमच्या नटराजाच्या मंदिरात पोचतो. बाहेर पडताना चपला राखणाऱ्या बाईला पैसे द्यायला वाकतो. ती मान वर करते. ती शिवकामी असते, चेहऱ्यावर जखमेचा जुना व्रण घेऊन.

या क्षणी गोपी काय करतात ते पाहा. ते काहीच करत नाहीत असं पहिल्यांदा वाटतं. किंकाळी नाही, अश्रू नाहीत, हात थरथरत नाहीत. तिचा चेहरा पाहिल्यावर आधी श्वास थांबतो आणि मग सबंध शरीराचं वजन जणू बदलतं. स्मितानं हिंदीत आणि मराठीत कितीतरी मोठ्या नटांसमोर काम केलं. पण तिच्या त्या एका नजरेला इतकं शांत आणि इतकं उघडं उत्तर फार थोड्यांनी दिलं असेल, असं माझं मत आहे. या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दर डिसेंबरात आपण स्मिताची आठवण काढतो, ‘उंबरठा’ लावतो, ‘जैत रे जैत’ची गाणी ऐकतो. या खेपेला ‘चिदंबरम’ लावा.

१९८६ हे वर्ष दोघांवरही घाला घालून गेलं. डिसेंबरात स्मिता गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोपींना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा ते पन्नाशीच्याही आत होते आणि कारकिर्दीच्या ऐन भरात. ज्या नटानं सगळा अभिनय अंगातून उभा केला, त्याचं अंगच त्याच्या ताब्यातून गेलं. असा प्रसंग आल्यावर माणूस खचला तर कुणी बोल लावणार नाही. गोपींनी मात्र वेगळी कामं हातात घेतली. दिग्दर्शन त्यांनी आधीही केलं होतं, ‘ञाट्टडि’ हा चित्रपट १९७९ चा. आता १९८९ मध्ये ‘उत्सवप्पिट्टेन्न’ केला, १९९१ मध्ये ‘यमनम्’. ‘यमनम्’ला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या शांतादेवींना सहाय्यक अभिनेत्रीचा. शांतादेवीही कोळिकोडच्या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या. त्याच वर्षी गोपींना पद्मश्री मिळाली. १९९३ मध्ये भरतन यांच्या ‘पाथेयम’मधून ते पुन्हा पडद्यावर आले. चाल बदललेली, उच्चार जड झालेला, तरी नट शिल्लक होता. त्यानंतरही ते काम करत राहिले.

याच काळात त्यांनी लिहिलं. ‘अभिनयम् अनुभवम्’ हे त्यांचं पुस्तक, अभिनयाचा स्वानुभव सांगणारं. त्याला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाटकावरचं ‘नाटकनियोगम्’ हे त्यांचं दुसरं पुस्तक, त्यालाही केरळात मान मिळाला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा नट अभिनयावर पुस्तक लिहितो आणि त्या पुस्तकालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, असं उदाहरण आपल्या देशात शोधावं लागेल. नटानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं अभिनयाविषयीचं असं पुस्तक मराठी विद्यार्थ्याच्या हातात असायला हवं. डॉ. लागूंचं ‘लमाण’ आपण वाचायला देतो, त्याच्या शेजारी हे पुस्तक शोभेल. कन्नडमधून थेट मराठीत पुस्तकं आणण्याचं काम उमा कुलकर्णींनी केलं आणि भैरप्पा आपल्या घरातले झाले. मल्याळममधून थेट मराठीत आणणारे हात फार थोडे आहेत. पण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मल्याळी कुटुंबं पुण्यात, मुंबईत, पिंपरी-चिंचवडमध्ये, नाशकात आहेत. त्यांच्या मुलांना दोन्ही भाषा येतात. त्यांच्यातला एखादा वाचक आणि रंगभूमी जाणणारा मराठी लेखक शेजारी शेजारी बसले, तर इंग्रजीचा वळसा न घेता हे पुस्तक मराठीत येईल. हक्कांची रीतसर परवानगी, मानधन आणि छपाईचा खर्च यासाठी संस्थांनी एकत्र यावं. एकट्यादुकट्या हौशी मंडळाच्या आवाक्यातलं ते काम नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

फिल्म सोसायट्यांना माझं मागणं वेगळं आहे. या चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं असतात. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती पुरतात. मिरजेच्या, बार्शीच्या, अंबाजोगाईच्या, चंद्रपूरच्या मुलाला ती वाचता वाचता नटाकडे बघायचं राहून जातं. निदान ‘कोडियेट्टम’, ‘यवनिका’ आणि ‘चिदंबरम’ या तिन्हींना मराठी उपशीर्षकं करून घ्या. ‘कोडियेट्टम’मध्ये बोलणं कमी आहे, तिथून सुरुवात सोपी जाईल. यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलता येईल. ते संग्रहालय ज्यांनी घडवलं ते पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. रीळ न् रीळ गोळा करत त्यांनी आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष वाचवले. तिकडच्या माणसानं आपल्यासाठी एवढं केलं आहे. जुन्या प्रती चांगल्या स्थितीत नसतात ही अडचण खरी. पण अरविंदन यांच्या ‘तंप’चं पुनरुज्जीवन मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं घडवून आणलं आणि २०२२ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातही गोपी आहेत. ‘तंप’ ही भारतप्पुळा नदीकाठच्या गावात आलेल्या सर्कशीची गोष्ट. केरळात सर्कस रुजली त्याच्या मुळाशी आपले विष्णुपंत छत्रे होते; त्यांची सर्कस तलश्शेरीला गेली आणि तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी झालेल्या गाठीभेटीतून ती परंपरा उभी राहिली. खेळाआधीच्या प्रास्ताविकात हे सांगितलंत, तर आपला प्रेक्षक खुर्चीत सावरून बसेल.

काही जण म्हणतील, आपलेच नट अजून आपण नीट अभ्यासले नाहीत, निळू फुल्यांवर तरी कुठं धड पुस्तक वर्गात लावलं आहे, मग केरळात कशाला जायचं? निळूभाऊंचा आणि गोपींचा अभ्यास एकाच वर्गात व्हावा, असं माझं म्हणणं आहे. ‘सामना’तला साखरसम्राट आणि ‘पंचवडि पालम’मधला पंचायत अध्यक्ष एकापाठोपाठ एक दाखवा. सत्ता अंगात मुरलेला माणूस एक नट डोळ्यांच्या कोपऱ्यातून करतो आणि दुसरा पोटातून, छातीतून करतो. मुलांना दोन्ही वाटा कळतील आणि निळूभाऊंचं मोठेपण अधिकच उठून दिसेल.

नाट्यशाळांच्या अभ्यासक्रम समित्यांना एवढंच विचारतो: आंगिक, म्हणजे शरीरानं करायच्या अभिनयाच्या तासाला गोपींचं काम लावायला काय अडचण आहे? तुमच्याकडे प्रोजेक्टर आहेत, अभ्यासिका आहेत, शिक्षक आहेत. जिल्ह्यातल्या हौशी मंडळांकडे फक्त शाळेचा एखादा हॉल आणि उत्साह आहे. तुम्ही उपशीर्षकांचं आणि पुस्तकाचं काम हाती घेतलंत, तर खेळ लावायला, खुर्च्या मांडायला, कॉलेजांतून मुलं आणायला आम्ही तयार आहोत. स्पर्धेचा हंगाम संपला की उन्हाळ्यात शिबिरं सुरू होतात. त्याआधी ‘कोडियेट्टम’ची मराठी उपशीर्षकं हाती आली, तर पहिला खेळ आमच्या गावात, खेळानंतर मुलांसोबत दोन तासांची चर्चा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर आधारलेली अंगाची तालीम. चर्चा चालवायला आणि तालीम घ्यायला तुमच्यापैकी एक शिक्षक पाठवा. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च आमचं मंडळ करील. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक हौशी रंगकर्मी
सांगली